पाचवी खेप

सुव्हिला लँट्झला बाईची टोपी मागून नुसती दिसली, तरी ती कोणी शिवली हे सांगता येई. चुण्या किती बारीक, इस्त्री कितपत गरम, मधली शिवण ओढून घेतलीय की सैल सोडलीय, एवढ्यावर तिचं निदान ठरे. रविवारी प्रार्थनेला बायकांच्या बाकांवर तीस पांढऱ्या टोप्या असल्या, तर त्यातल्या बावीस तिच्या हातच्या असत. उरलेल्या आठांकडे तिला बघवत नसे. बिशप समोर उभा राहून नम्रतेवर तासभर बोले, आणि सुव्हिला त्या आठ टोप्यांच्या चुण्या मनातल्या मनात उसवून पुन्हा घालत बसे.

वय पंचेचाळीस, लग्न झालेलं नाही. भाऊ जोनासच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत ती राही. आम्ही जुन्या चालीचे ख्रिस्ती, मोटारी न वापरणारे; आमच्यात बिनलग्नाच्या बाईला कोणी टाकून बोलत नाही. तिला भाचरं सांभाळायला देतात, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असतं. सुव्हिलाने जोनासची नऊ पोरं न्हाऊमाखू घातली, त्यांची शिंबडी नाकं पुसली, आणि मधल्या वेळात पूर्वेच्या खिडकीशी पायमशीन मांडून आख्ख्या पंचक्रोशीच्या टोप्या शिवल्या. त्या खिडकीतून रस्ता दिसे. कामावर खाली घातलेली मान वर न करता रस्त्यावरून कोण गेलं ते ओळखायची कला तिने वीस वर्षांत कमावली होती. आमच्या बग्ग्या सगळ्या करड्या, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. पण घोडे काही सारखे नसतात.

गिडियन रीलची घोडी तांबडी होती आणि तिचा मागचा एक पाय पांढरा होता. गिडियन बग्ग्या बांधायचा. त्याचं दुकान ओढ्याच्या वळणावर, जोनासच्या घरापासून अर्ध्या मैलावर. त्याची बायको रेचल जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलं लग्नं होऊन आपापल्या घरी होती. त्या वर्षीच्या वसंतापासून गिडियन दर दहा-बारा दिवसांनी जोनासची बग्गी तपासायला येऊ लागला. चाकं हलवून बघे, काही बिघडलेलं नाही असं गंभीरपणे सांगे, आणि मग पुदिन्याचा गार चहा घेऊन सुव्हिलाच्या दारातल्या पायरीवर बसे. बोलणं म्हणाल तर मक्याचं, पावसाचं. एकदा मशीनचा पट्टा सैल झालेला दिसला तर त्याने न विचारता बसवून दिला. सुव्हिला तेवढ्यावर तीन आठवडे जगली.

तिची भावजय मलिंडा जिभेची तिखट होती. ती म्हणे, "जोनास, अरे ती बग्गी आहे की रोगी? रोज उठून वैद्य येतोय तिला बघायला. इतकी आजारी असेल तर विकून टाक बाई एकदाची."

सुव्हिला हसू दाबून टाचण्या वेचत बसे. पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाला आशा लागली की ती लपवायला जागा पुरत नाही.

आणि अशात व्हर्ना ग्लिक परत आली.

व्हर्नाची हकीगत सांगायलाच हवी, कारण सुव्हिलाच्या आयुष्यात जे जे झालं नाही, ते व्हर्नाच्या बाबतीत झालेलं होतं. दोघी एका शाळेत, एका बाकावर. व्हर्नाचे केस दाट. व्हर्नाचा आवाज असा, की रविवारच्या संध्याकाळी तरुण पोरंपोरी टेबलाच्या दोन बाजूंना बसून गात, तेव्हा समोरची पोरं तिच्याकडे बघत सूर चुकवत. गिडियन त्या पोरांत. दोन वर्षं त्याने गाणं संपल्यावर व्हर्नाला आपल्या उघड्या बग्गीतून घरी सोडलं, आणि सुव्हिला आपल्या भावाशेजारी बसून मागून येणाऱ्या त्यांच्या बग्गीतलं हसणं ऐकत घरी गेली. लग्न ठरल्यातच जमा होतं. मग एकविसाव्या वर्षी व्हर्ना एका इंग्लिश, म्हणजे आमच्या पंथाबाहेरच्या, मैत्रिणीच्या मोटारीत बसून फिलाडेल्फियाला निघून गेली. आमच्यात मोठेपणी घ्यायचा तो बाप्तिस्मा तिने घेतलेला नव्हता, म्हणून तिच्यावर बहिष्कार नाही की काही नाही. येऊन जेवून जायलासुद्धा मोकळी. गिडियनने वर्षभराने रेचलशी लग्न केलं. सुव्हिलाचं नाव तेव्हाही कोणाच्या तोंडी आलं नाही. व्हर्नाने जे टाकलं ते सुव्हिलाला हवं होतं, आणि व्हर्नाला ते टाकता आलं याचाही तिला राग होता.

आता व्हर्ना शहरात राहून सहलीच्या बसमधून लोकांना आमची शेतं दाखवत हिंडे. केस कानापर्यंत कापलेले, पण अजून दाट. त्या सप्टेंबरात टेकडीपलीकडच्या इंग्लिश शेतकऱ्याची, हॉल्डमनची जागा सिनेमावाल्यांनी भाड्याने घेतली, आणि आमची माणसं कशी उठतात, बसतात, बोलतात ते शिकवायला त्यांनी व्हर्नाला ठेवलं.

सिनेमा खुनाचा होता. आमच्या एका कोठारात मक्याच्या ढिगाखाली प्रेत सापडतं, शहरातला पोलीस तपासाला येतो, आणि कोणी काही बोलत नाही. बिशपने लगेचच्या रविवारी सांगून टाकलं की हॉल्डमनच्या कुंपणाशी कोणी जायचं नाही, घोडा, बग्गी, कपडा काही द्यायचं नाही. ऑक्टोबरात पवित्र भोजन आहे, मनं स्वच्छ ठेवा. त्यानंतर आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी सिनेमाशिवाय दुसरा विषय नव्हता.

व्हर्ना सुव्हिलाच्या दारात आली ती मंगळवारी. आल्याआल्या तिने मशीनशेजारच्या अर्धवट टोपीच्या चुण्यांवरून बोट फिरवलं. सुव्हिलाला ते सहन झालं नाही. तिने टोपी उचलून पेटीत ठेवली.

व्हर्नाला डझनभर टोप्या हव्या होत्या. सुव्हिलाने बिशपचं सांगितलं. व्हर्नाने खांदे उडवले आणि म्हणाली, ठाऊक होतं, तरी विचारून पाहिलं.

"तुला एक सांगू?" ती जाता जाता म्हणाली. "त्यांची नायिका आधी नुसती विधवा होती. मी म्हटलं, विधवा काय कुठेही मिळतात. तिला टोप्या शिवणारी करा. मेलेल्या बाईची टोपी बघून ती ओळखते, ही आपल्या भागातली नव्हेच, आणि तिथून खुनी सापडतो. लिहिणारा तर उडालाच. तुझीच विद्या आहे, सुव्हिला. मी त्यांना तसं सांगितलं."

"नाव सांगितलंस?"

"नाही गं. नाव गाजवणं तुम्हाला चालत नाही ना."

"आणि तो पोलीस?"

"तो पडतो तिच्या प्रेमात," व्हर्ना हसली. "सिनेमात पडावंच लागतं."

ती गेल्यावर सुव्हिलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिची विद्या व्हर्नाने उचलून नेली, एका रंग फासलेल्या नटीला घातली, वर त्या नटीला प्रेम करायला माणूसही दिला. सुव्हिलाने त्या दिवशी तीन टोप्या बिघडवल्या.

आणि गुरुवारी दुपारी पांढऱ्या पायाची तांबडी घोडी हॉल्डमनच्या रस्त्याने टेकडी चढताना दिसली.

टेकडीपलीकडे हॉल्डमनच्या शेताखेरीज काही नव्हतं, फक्त आमची शाळा, आणि गिडियनचं कोणी त्या शाळेत नव्हतं. तासाभराने घोडी परत आली. सुव्हिलाने मनाला समजावलं की त्याचं काही काम असेल. शनिवारी घोडी पुन्हा गेली. पुढच्या मंगळवारी पुन्हा. गुरुवारी चौथ्यांदा. सिनेमावाले आल्यापासून गिडियन जोनासची बग्गी बघायला एकदाही आला नव्हता. मलिंडाच्याही हे ध्यानात आलं. सफरचंदाचा मुरंबा ढवळता ढवळता ती म्हणाली, "वैद्याला दुसरा रोगी मिळाला वाटतं."

एरवी सुव्हिला हसली असती. आता तिने पळी ठेवली आणि ती आत निघून गेली.

मत्सराचं असं की तो माणसाला कामाला लावतो. सुव्हिला आता खिडकी सोडून हलेना. जेवण तिथेच, शिवण तिथेच. तिला टेकडीपलीकडचं सगळं दिसू लागलं: झग्याला बटणांऐवजी टाचण्या कशा लावायच्या ते व्हर्ना नटीला दाखवतेय, गिडियन कुंपणाला टेकून उभा आहे, व्हर्ना काहीतरी बोलते आणि तो हसतो. पंचवीस वर्षांपूर्वी मागच्या बग्गीतून ऐकू यायचं तेच हसणं. शुक्रवारी सकाळी घोडी पाचव्यांदा गेली. ही खेप आखूड होती, वीस मिनिटांत परत. सुव्हिलाला त्याचंही वाईट दिसलं. आता तर निरोपासारखं जाऊन येतोय, म्हणजे ओळख किती मुरली.

शनिवारी सकाळी ती डोक्यावर काळं टोपडं बांधून चालत डीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखाली मंडळीची शिस्त बघणाऱ्या एनोसच्या घरी गेली.

इथे तिचं चुकलं, आणि आमच्यातल्या लहान पोरालाही कळेल असं चुकलं. आमच्यात कोणाची तक्रार असेल तर आधी त्याच्याकडे एकट्याने जायचं, समोरासमोर बोलायचं. दोघांत मिटलं तर तिसऱ्याला कळता कामा नये. नाही मिटलं तर दोन माणसं घेऊन जायचं, आणि मग डीकनकडे. सुव्हिलाने हे शेकडो वेळा ऐकलं होतं. पण गिडियनकडे जाऊन ती म्हणणार काय? तू व्हर्नाकडे का जातोस? कोणत्या हक्काने? डीकनकडे जायला हक्क लागत नव्हता. बिशपचा शब्द मोडला, एवढं पुरे होतं.

एनोस घोड्यांचं चामडी सामान शिवायचा. तो दाभण घेऊन बसला होता. सुव्हिलाने उभ्यानेच सांगितलं. गिडियन रील हॉल्डमनच्या शेतावर जातो, सिनेमावाल्यांत मिसळतो, दहा दिवस चाललंय, मी डोळ्यांनी पाहिलंय. व्हर्नाचं नाव तिने घेतलं नाही. घ्यायची गरज पडली नाही.

एनोसने दाभण ठेवलं. "गिडियनशी बोललीस?"

"नाही."

"का?"

एनोस साठीचा, आठ मुलींचा बाप. त्याने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि मग तो बाहेर, आपल्या गायींकडे बघू लागला.

"मी पाठवलं त्याला," तो म्हणाला. "ते लोक शाळेच्या आवारावर कॅमेरा रोखून बसत होते. मुलांचे फोटो नकोत म्हणून सांगायला कोणीतरी जायला हवं होतं. मी गेलो तर भांडण. व्हर्ना गिडियनचं ऐकेल असं वाटलं. चार खेपा झाल्या बिचाऱ्याच्या. परवा गुरुवारी हलवला त्यांनी कॅमेरा."

जमीन दुभंगावी असं सुव्हिलाला वाटलं. ती काहीतरी पुटपुटली आणि वळली, पण एनोसचं बोलणं संपलं नव्हतं.

"काल सकाळी गिडियन इथे आला होता. त्याच बाकावर बसला होता. मला म्हणाला, एनोस, माझं एक काम कर."

एनोस टोपी चढवून एखाद्या बिनलग्नाच्या बाईच्या दारात जातो तो दोनच कारणांनी. एक, तिच्यावर आळ आलेला असतो. दुसरं, कोणीतरी तिला मागणी घातलेली असते, आणि आमच्यात ती मागणी गुपचूप घेऊन जाणं हेही डीकनचंच काम. सुव्हिलाला हे कोणी सांगायची गरज नव्हती. तिने दाराची चौकट धरली.

"आज दूध काढून झालं की संध्याकाळी मी तुझ्याकडे येणार होतो," एनोस म्हणाला. "आता तूच सांग, सुव्हिला. त्याच्यासाठी तुझ्याकडे येऊ, की तुझ्यासाठी त्याच्याकडे जाऊ?"

तिला रडू आलं नाही. फार लाज वाटली की तिला रडू येत नसे. एनोसला तिची दया आली असावी. तो म्हणाला की मी काही ऐकलेलं नाही. आधी गिडियनकडे जा, एकटी, जसं जायला हवं होतं तसं. तिथून तो मला निरोप पाठवेल, ये किंवा येऊ नको.

एनोसच्या घरापासून गिडियनचं दुकान दीड मैल. पहिला मैल सुव्हिलाने स्वतःला शिव्या घालण्यात घालवला. हाती आलेलं सुख तिने आपल्याच पायाने लाथाडलं होतं. कोणता पुरुष अशी बायको करील, जी चौकशीही न करता डीकनच्या घरी चुगली करायला धावते? तिने काय बोलायचं ते शब्द न शब्द ठरवलं. पण ओढ्यावरचा पूल ओलांडताना तिच्या मनात पाल चुकचुकली. एनोस चार खेपा म्हणाला होता. चौथी गुरुवारी, आणि गुरुवारी काम झालं होतं.

तिने पाच मोजल्या होत्या. शुक्रवारची कोणाची?

गिडियन चाकात आरे बसवत होता. शनिवारी सकाळी सुव्हिला चालत दुकानात आलेली बघून तो उठला. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद दिसला, मग धास्ती. एनोस तर संध्याकाळी जाणार होता.

सुव्हिला गुडघ्यावर बसली नाही, तेवढं बाकी ठेवलं. मी एनोसकडे गेले, तुझी तक्रार केली, तुला न विचारता केली, असं तिने सगळं सांगितलं. का केली तेही सांगितलं. व्हर्नाचं नाव तिने या खेपेला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ती एका पुरुषासमोर म्हणाली, "मला तिचा हेवा वाटतो. पहिलीपासून वाटतो. तिच्या केसांपासून तुझ्यापर्यंत."

गिडियनने हातातला आरा दोनदा उलटासुलटा केला. मग म्हणाला की झालं ते झालं, माझ्या मनात काही नाही. त्याने हात पुढे केला. हात हातात घेतला की आमच्यात ती गोष्ट संपते. पुन्हा काढायची नसते.

सुव्हिलाचा हात त्याच्या हातात होता. आता घरी जायचं, चूल पेटवायची, संध्याकाळी एनोस येईल, तेव्हा खाली बघत हो म्हणायचं. एवढंच उरलं होतं. कुठलीही शहाणी बाई निघाली असती.

"एनोस चार खेपा म्हणाला," सुव्हिला म्हणाली. "मी पाच मोजल्यात."

गिडियनने हात सोडला नाही, पण त्याची बोटं सैल पडलेली तिला कळली. तो खोटं बोलू शकला असता. म्हणाला असता, रुमाल विसरलो होतो. तिने विश्वास ठेवला असता, निदान ठेवायचा प्रयत्न केला असता.

"शुक्रवारी मी माझा गेलो," तो म्हणाला. "एनोसकडे जाण्याआधी."

"कशाला?"

"बघायला. पंचवीस वर्षं मनात एक खुंटी होती. आधी रेचलच्या घरात ती घेऊन वावरलो. तिला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. पुन्हा तसंच तुझ्या घरात यायचं नव्हतं. म्हटलं, एकदा नुसतं बघावं, काही हलतं का."

"बोललास?"

"नाही. तिने मला पाहिलंही नाही. तोंडात टाचण्या धरून त्या नटीचा झगा नीट बसवत होती. मी कुंपणाशी थांबलो आणि परत फिरलो. तिथून सरळ एनोसकडे."

म्हणजे काही हललं नाही. सुव्हिलाला हे समजलं, आणि ते पुरेसं होतं, पण तिचा जीव तेवढ्यावर निवेना. तिला ऐकायचं होतं की व्हर्ना म्हातारी झालीय, व्हर्ना विटलीय, कापलेल्या केसांत व्हर्ना खुळी दिसते.

"दिसत कशी होती?"

गिडियनने तिच्याकडे पाहिलं. "चांगली दिसत होती," तो म्हणाला.

दुकानात लाकडाच्या भुशाचा वास होता. बाहेर तांबडी घोडी पाय बदलून उभी राहिली. सुव्हिलाने आपला हात काढून घेतला आणि टोपड्याचे बंद सोडून पुन्हा बांधले, घट्ट.

"एनोसला निरोप पाठव," ती म्हणाली. "संध्याकाळी ये म्हणावं."

गिडियन चाकावर हात टेकून उभा राहिला.

"पण शुक्रवारचं त्याला सांगू नकोस. ती खेप माझी आहे. माझ्याजवळ राहील."

"सुव्हिला, हात दिला की संपतं सगळं."

"चार खेपांसाठी दिला होता," सुव्हिला म्हणाली. "पाचवीला वेळ लागेल मला. तोवर तू मला विचारू नकोस, संपलं का म्हणून. मीच सांगेन."

गिडियनने मान हलवली. मग तो घोडी जुंपायला बाहेर गेला, आणि सुव्हिला चालत घरी निघाली, कारण संध्याकाळच्या आत त्याच्या बग्गीतून जाणं बरं दिसलं नसतं.